स्टीलचा फ्लास्क: मान, झाकण आणि सहा तासांनंतरचे तापमान

गरम पेय गरम आणि थंड पेय थंड ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या फ्लास्कचे हे परीक्षण आहे. ते एखाद्या विशिष्ट कंपनीच्या नगाचे नसून या वस्तूच्या प्रकाराचे आहे. असे फ्लास्क मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. त्यांतले लहान-मोठे आकार आणि निरनिराळ्या धाटणीची झाकणे हाताळल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, खरेदी करताना आपण ज्या गोष्टींकडे सर्वांत आधी पाहतो, म्हणजे रंग, बाहेरचा घाट आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले ‘२४ तास गरम’ हे आश्वासन, त्यांवरून फ्लास्कची योग्यता फारशी कळत नाही. पाहायला हवे ते मानेचे तोंड किती अरुंद आहे, झाकण कसे बसते आणि सहा तासांनंतर आतल्या पाण्याचे तापमान किती उरते.

फ्लास्क या नावाने इंग्रजीत पुष्कळ वेगवेगळी पात्रे ओळखली जातात आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव मानेतच असतो. प्रयोगशाळेतला शंकूच्या आकाराचा फ्लास्क जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर यांनी १८६० च्या सुमारास प्रचारात आणला. त्याचा तळ रुंद आणि मान अरुंद असल्यामुळे आतला द्रव हाताने गोल फिरवून ढवळता येतो आणि तरी बाहेर सांडत नाही. ठरावीक आकारमानाचे द्रावण तयार करण्यासाठी जो फ्लास्क वापरतात, त्याच्या लांब, बारीक मानेवर एकच रेघ कोरलेली असते. मान बारीक असल्याने द्रवाची पातळी रेघेच्या किंचित वरखाली झाली तरी आकारमानात अगदी थोडा फरक पडतो, म्हणजे मापातली अचूकता मानेनेच मिळवून दिलेली असते. बंदुकीची दारू बाळगण्याचे जुने फ्लास्क अरुंद तोंडातून नेमक्या मापाने दारू ओतता यावी अशा बेताने केलेले असत. खिशात ठेवण्याचा चपटा, किंचित वळवलेला फ्लास्कही याच कुळातला आहे. पाऱ्याच्या व्यापारात तर फ्लास्क हे वजनाचे एककच होऊन बसले. पाऱ्याचा एक फ्लास्क म्हणजे ७६ पौंड, अर्थात सुमारे साडेचौतीस किलो.

मान नसलेले फ्लास्कही आहेत, आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. ओतकामाच्या कारखान्यात वाळूचा साचा धरून ठेवणाऱ्या, तळ नसलेल्या चौकटीला फ्लास्क म्हणतात. ब्रिटनमध्ये अणुभट्टीतले वापरलेले इंधन रेल्वेने नेण्यासाठी जी अवजड पोलादी पेटी वापरतात, तीही फ्लास्कच. तिच्या सुरक्षिततेची जाहीर परीक्षा १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डाल्बी येथील चाचणी-मार्गावर झाली. ताशी १०० मैलांच्या वेगाने धावणारे रेल्वे इंजिन अशा पेटीवर आदळवण्यात आले. इंजिनाचा चक्काचूर झाला, पण पेटी शाबूत राहिली. आतले बाहेर जाऊ न देणे, हे या सगळ्या पात्रांचे समान काम आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या किंवा प्रवासाच्या पिशवीतल्या फ्लास्कला हेच काम द्रवाबरोबर उष्णतेच्या बाबतीतही करावे लागते.

ही कल्पना मुळात पेयासाठी सुचलेली नव्हती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वायूंचे द्रवीकरण करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांना अतिथंड द्रव साठवायला भांडे हवे होते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे साध्या भांड्यात तो पाहता पाहता उडून जातो. ड्यूअर यांनी १८९२ मध्ये एकात एक अशी दोन काचपात्रे बसवून मधली हवा काढून टाकली आणि पुढे १८९८ मध्ये हायड्रोजनचेही द्रवीकरण साधले. या भांड्याचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. राइनहोल्ड बुर्गर या जर्मन काचकारागिराने त्यातली घरगुती उपयोगाची शक्यता ओळखली आणि १९०४ मध्ये जर्मनीत ‘थर्मास’ या नावाने व्यवसाय सुरू झाला. ते व्यापारी नाव पुढे इतके सर्वतोमुखी झाले की १९६३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ते सामान्य नाम झाल्याचा निर्णय दिला. मराठीतही आपण कोणत्याही कंपनीच्या फ्लास्कला निःसंकोचपणे थर्मास म्हणतो. सर्वस्वी स्टीलचा फ्लास्क अमेरिकी अभियंते विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ मध्ये आणला. आज ज्या प्रकारचा हलका, पातळ भिंतींचा स्टीलचा फ्लास्क आपण वापरतो, तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी उत्पादकांनी घडवला.

उष्णता तीन मार्गांनी निसटते: वहन, अभिसरण आणि प्रारण. दोन भिंतींमध्ये हवाच नसली की तिथे वहनाला माध्यम उरत नाही आणि अभिसरणही होत नाही. प्रारण रोखण्यासाठी काचेच्या फ्लास्कच्या आतल्या बाजूंना चांदीचा लेप देतात. स्टीलमध्ये पृष्ठभाग चकचकीत ठेवतात किंवा आतल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तांब्याचा पातळ थर देतात. अशा रीतीने बाजूच्या भिंती जवळजवळ पूर्णपणे बंदोबस्तात येतात. उरते ती मान. आतली आणि बाहेरची भिंत फक्त तिथेच एकमेकींना जोडलेली असते, आणि झाकणही तिथेच बसते. म्हणजे चांगल्या फ्लास्कमधून जी उष्णता जाते, ती मुख्यतः मानेच्या धातूतून आणि झाकणातून जाते. तोंड जेवढे रुंद, तेवढा हा रस्ताही मोठा. म्हणून एकाच उत्पादकाचे, एकाच मापाचे, पण एक अरुंद तोंडाचे आणि एक रुंद तोंडाचे असे दोन फ्लास्क असतील, तर उष्णता टिकवण्यात अरुंद तोंडाचा फ्लास्क सरस ठरतो. स्टेनलेस स्टील या कामाला योग्य ठरते त्याचे एक कारण, ते धातू असूनही उष्णतेचे मंद वाहक आहे, हे आहे. तांब्याची उष्णतावाहकता त्याच्या सुमारे पंचवीस पट असते.

आता वेष्टनावरच्या तासांबद्दल. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल इथेच होते. ‘२४ तास गरम’ या शब्दांना स्वतःचा असा काहीच अर्थ नाही, कारण गरम म्हणजे किती अंश, हे त्यांत सांगितलेले नसते. जपानच्या राष्ट्रीय मानकात याची सुटसुटीत पद्धत आहे: सुमारे २० अंशांच्या खोलीत फ्लास्क ठेवायचा, आतले पाणी ९५ अंशांवर आले की झाकण लावायचे आणि सहा तासांनी तापमान मोजायचे. तिथले उत्पादक हा आकडा वेष्टनावर छापतात. हा एक आकडा हाती असला की बाकीचे घरबसल्या काढता येते, कारण वस्तू निवण्याचा वेग तिच्या आणि सभोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो.

समजा, एक लिटरच्या चांगल्या फ्लास्कमध्ये सहा तासांनंतर ८० अंश तापमान उरले. खोलीचे २० अंश वजा केले तर सुरुवातीचा फरक ७५ अंशांचा होता, तो आता ६० वर आला, म्हणजे चार पंचमांश उरला. पुढच्या प्रत्येक सहा तासांत तो पुन्हा चार पंचमांश होत जातो. त्यामुळे १२ तासांनी ६८ अंश, १८ तासांनी सुमारे ५८ अंश आणि २४ तासांनी जवळपास ५१ अंश उरतात. ५१ अंशांचा चहा कोणी गरम म्हणेल, कोणी कोमट. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये सहा तासांनी ७० अंश उरत असतील, तर त्याच हिशेबाने १२ तासांनी ५३ आणि २४ तासांनी अवघे ३५ अंश उरतात. शरीराच्या तापमानापेक्षाही हे कमी आहे. दोन्ही फ्लास्क आपापल्या जागी चांगल्या बनावटीचे असू शकतात, आणि दोन्हींच्या वेष्टनांवर तेच ‘२४ तास’ छापलेले असू शकतात.

वर दिलेल्या आकड्यांतला फरक आकारामुळे पडतो. फ्लास्क मोठा झाला की त्यात मावणारे पाणी ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात त्याचा पृष्ठभाग वाढत नाही, आणि मान तर बहुधा तेवढीच राहते. म्हणून दोन छोट्या फ्लास्कपेक्षा एक मोठा फ्लास्क उष्णता अधिक काळ धरतो. याच कारणाने अर्धा भरलेला फ्लास्क लवकर निवतो: उष्णता निसटण्याचा मार्ग जवळपास तेवढाच असतो, पण साठा निम्मा असतो. सहा तासांनी ८० अंश ठेवणारा फ्लास्क अर्धाच भरला, तर ढोबळ हिशेबाने तो ६८ अंशांवर येतो. यावरून निवड कशी करावी हे उघड आहे. रोज जेवढे पेय लागते तेवढ्याच मापाचा फ्लास्क घ्यावा आणि तो गळ्यापर्यंत भरावा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून मोठा फ्लास्क घेऊन तो रोज अर्धाच भरणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

थंड पेयांच्या बाबतीत सगळेच फ्लास्क चांगले वाटतात, आणि त्यामागचे कारणही याच हिशेबात आहे. ९५ अंशांचे पाणी आणि २० अंशांची खोली यांत ७५ अंशांचे अंतर असते, तर ५ अंशांचे पाणी आणि तीच खोली यांत केवळ १५ अंशांचे. ज्या फ्लास्कमध्ये गरम पाणी सहा तासांत १५ अंशांनी उतरते, त्यातच थंड पाणी तेवढ्या वेळात फक्त ३ अंशांनी चढते. त्यात बर्फ घातला तर गणित आणखी बदलते. एक ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापू शकते. बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत पाणी शून्याच्या आसपासच राहते. म्हणून ‘मी यात बर्फ ठेवला होता आणि तो दुसऱ्या दिवशीही शिल्लक होता’ हा अनुभव खरा असला, तरी फ्लास्कची गुणवत्ता जोखण्यासाठी तो पुरेसा नाही. फ्लास्कची परीक्षा गरम पाण्यानेच घ्यावी.

झाकणाकडे वळतो. ज्या फ्लास्कच्या भिंती उत्तम आहेत त्याचेही झाकण सुमार असेल, तर तो फ्लास्क सुमारच. मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेले झाकण म्हणजे आट्यांचे, आतून पोकळ पण उष्णतारोधक फेसाने भरलेले, भरीव वाटणारे बूच, आणि त्यावर पेल्याचे काम देणारे दुसरे झाकण. त्यात हलणारे भाग नसतात आणि बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. त्याची एकच अडचण आहे. प्रत्येक वेळी ओतताना बूच पूर्ण काढावे लागते आणि तेवढ्या वेळात वाफ निघून जाते. दिवसातून एकदोनदाच ओतायचे असेल तर हे झाकण सर्वोत्तम.

थोडे थोडे ओतायचे असेल तर मधोमध कळ असलेले बूच सोयीचे असते. कळ दाबली की कडेच्या खाचेतून पेय येते, बूच काढावे लागत नाही. पण या बुचात स्प्रिंग, झडप, दोन-तीन रबरी रिंगा आणि अनेक सांदी असतात. दुधाचे पेय त्या सांदींत अडकून राहते आणि काही दिवसांतच आंबूस वास येऊ लागतो. माझ्याकडच्या अशा एका फ्लास्कचे बूच उघडून धुता येईल असे बनवलेलेच नव्हते. कितीही गरम पाणी घातले तरी त्याचा वास जाईना आणि शेवटी, भिंती धडधाकट असताना, केवळ बुचापायी तो फ्लास्क बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून जे झाकण पूर्ण सुटे करता येत नाही ते घ्यायचे नाही, असा नियम मी पाळतो. थेट तोंड लावून पिण्याची, वर उघडणारी झाकणे प्रवासात सोयीची खरी, परंतु ८५ अंशांचा द्रव त्यांतून थेट ओठांवर येतो, त्यामुळे मुलांच्या हाती असा फ्लास्क गरम पेयासाठी देऊ नये. नळी असलेली झाकणे तर फक्त थंड पेयांसाठीच आहेत. गरम द्रवावरच्या वाफेच्या दाबाने नळीतून पेय उसळून बाहेर येऊ शकते.

रबरी रिंगेबद्दल दोन शब्द. हल्ली ती बहुधा सिलिकोनची असते. ती उलटी बसली, तिच्याखाली साखरेचा कण राहिला किंवा ती ताणून सैल झाली की फ्लास्क ठिबकू लागतो आणि दोष फ्लास्कला दिला जातो. धुण्यासाठी काढलेली रिंग परत बसवताना तिची बाजू पाहावी. फ्लास्क गळत नाही ना, हे पाहण्यासाठी तो आडवा करून तासभर कागदावर ठेवणे पुरेसे आहे, आणि ही परीक्षा गरम पाण्याने करावी, कारण थंड पाण्याला न गळणारा फ्लास्क गरम पाण्याला गळू शकतो.

काच घ्यावी की स्टील, हा प्रश्न अजूनही विचारला जातो आणि तो रास्त आहे. काच स्टीलपेक्षाही मंद वाहक आहे, तिच्यावरचा चांदीचा लेप प्रारण उत्तम रोखतो आणि कोणत्याही पेयाची चव किंवा वास ती धरून ठेवत नाही. घरात, एका जागी ठेवण्यासाठी काचेच्या फ्लास्कला मी आजही कमी लेखणार नाही. पण तो पडला की संपला, आणि आतली काच फुटल्याचे बाहेरून कधी कधी कळतही नाही. अशा वेळी काचेच्या बारीक कपच्या पेयात उतरतात. पडलेला काचेचा फ्लास्क हलवून पाहावा, खुळखुळ ऐकू आली तर त्यातले काहीही पिऊ नये. प्रवासासाठी मी निःसंशय स्टीलची शिफारस करतो. त्यातही आतली भिंत १८/८ प्रकारच्या स्टीलची, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टीलची, असावी. बाहेरून पोचा पडला म्हणून स्टीलचा फ्लास्क लगेच निकामी होत नाही, मात्र पोचा खोल असून बाहेरची भिंत आतल्या भिंतीला टेकली, तर तिथून उष्णतेला पूल मिळतो.

स्टीलच्या फ्लास्कच्या तळाकडेही लक्ष द्यावे. भिंतींमधली हवा काढल्यानंतर जे बारीक छिद्र बंद करतात ते बहुधा तळाशी असते, आणि काही फ्लास्कमध्ये त्यासाठी शिसे असलेला सांधा वापरून त्यावर स्टीलची चकती बसवलेली असते. चकती जागेवर असेपर्यंत तो भाग पेयाच्याही संपर्कात येत नाही आणि हाताच्याही. ती निघून आली, तर मात्र तो फ्लास्क वापरणे थांबवावे, मुलांचा असेल तर तत्काळ.

निर्वात पोकळी टिकून आहे की नाही, हे ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. फ्लास्कमध्ये उकळते पाणी भरावे, झाकण लावावे आणि काही मिनिटांनी बाहेरून सर्व बाजूंनी हात फिरवावा. मानेभोवती थोडी ऊब लागणे साहजिक आहे. मधला भाग आणि बुडाकडचा भाग गरम लागला, तर भिंतींमध्ये हवा शिरली आहे असे निश्चित समजावे. हा बिघाड घरी दुरुस्त होत नाही. असा फ्लास्क साध्या दुहेरी भांड्याइतकेच काम करतो. बर्फाचे पाणी भरल्यावर बाहेरून दव साचू लागणे हेही त्याच बिघाडाचे लक्षण आहे.

वापरण्याच्या रीतीने बराच फरक पडतो. पेय भरण्यापूर्वी फ्लास्कमध्ये उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवावे आणि ते ओतून टाकावे, असे बहुतेक उत्पादक सुचवतात. त्याचा लाभ किती, हेही मोजता येते. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कची आतली भिंत साधारण १५० ग्रॅमची धरली, तर थंड भिंत तापवण्यात पेयाचे दोन-तीन अंश खर्ची पडतात. ही बचत थोडी आहे, पण कष्टही थोडेच आहेत. म्हणून मी ते न चुकता करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आरोग्याची. ५ ते ६० अंश हा तापमानाचा पट्टा जिवाणूंच्या वाढीस अनुकूल असतो. फ्लास्क पेय निवण्याचा वेग कमी करतो, म्हणजे एकदा तापमान ६० अंशांखाली गेले की तो ते पेय त्या अनुकूल पट्ट्यात दीर्घ काळ ठेवतो. काळ्या चहाच्या किंवा नुसत्या पाण्याच्या बाबतीत ही चिंता फारशी नाही. दूध, दुधाचे पेय, सूप आणि विशेषतः तान्ह्या मुलाचे तयार दूध यांच्या बाबतीत ती खरी आहे. बाळासाठी फ्लास्कमध्ये फक्त उकळलेले गरम पाणी न्यावे आणि दूध आयत्या वेळी तयार करावे. आयुष्यभर चांगला चाललेला फ्लास्कही दुधाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुरक्षित ठेवू शकत नाही, हे वेष्टनावर कुठेही लिहिलेले नसते. माझ्या मते ते तासांच्या आकड्याशेजारीच छापायला हवे.

फ्लास्कमध्ये काय घालू नये याची यादी लहान आहे. सोडायुक्त पेयांचा दाब झाकणाला धोक्याचा असतो. कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, बंद फ्लास्कमध्ये ठेवणे तर जीवघेणे ठरू शकते, कारण त्याचा वायू होताना भांडे फुटते. ड्यूअर यांच्या मूळ धाटणीची जी पात्रे आज प्रयोगशाळांमध्ये उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनसाठी वापरतात, त्यांची झाकणे याच कारणासाठी सैल ठेवलेली असतात. खारट सूप स्टीलमध्ये रात्रभर ठेवल्यास बारीक खड्डे पडू शकतात. चवीच्या दृष्टीनेही फ्लास्कला मर्यादा आहेत. तासन्‌तास गरम राहिलेली कॉफी कडवट होते आणि पत्ती न गाळता भरलेला चहा तुरट होत जातो. फ्लास्क उष्णता टिकवतो, ताजेपणा नव्हे.

स्वच्छतेसाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि गरम पाणी बहुतेक वेळा पुरते. चहाचे तपकिरी थर बसले असतील तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात मिसळून काही तास भरून ठेवावा. पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग पडले असतील तर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरावे. दोन्ही एकाच वेळी घालू नयेत, कारण ते एकमेकांचा परिणाम घालवतात आणि फेस येतो. क्लोरीन असलेले ब्लीच स्टीलला कधीही लावू नये. धुतल्यावर झाकण वेगळे ठेवून फ्लास्क उघडाच वाळू द्यावा. बंद करून ठेवलेल्या ओल्या फ्लास्कला जो कुबट वास येतो, तो पुढच्या प्रत्येक पेयात उतरतो. इथे मात्र रुंद तोंडाचा फ्लास्क उजवा ठरतो, हे मान्य करायला हवे. त्यात हात किंवा ब्रश सहज जातो, बर्फाचे खडे घालता येतात आणि सूप चमच्याने खाता येते. घट्ट पदार्थ किंवा थंड पेय हाच मुख्य उपयोग असेल तर रुंद तोंड घ्यावे. गरम पेयासाठी अरुंद तोंडच हवे, या मतावर मी कायम आहे.

खरेदी करताना दुकानात उष्णता टिकण्याची परीक्षा घेता येत नाही, परंतु झाकण चार वेळा लावून-काढून आटे सहज बसतात का, रिंग सुटी होते का, आतल्या जोडाची कड बोटाला लागते का आणि हलवल्यावर आतून काही वाजते का, एवढे पाहता येते. सुटी रिंग आणि सुटे बूच वेगळे विकत मिळते का, हे अवश्य विचारावे. हमीपत्रात बहुधा निर्वात पोकळीचा समावेश असतो, झिजणाऱ्या भागांचा नसतो, आणि प्रत्यक्षात आधी झिजते ती रिंगच. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, एकदा ९५ अंशांचे पाणी गळ्यापर्यंत भरून सहा तासांनी स्वयंपाकाच्या तापमापकाने तापमान घ्यावे. खोली २० अंशांच्या आसपास असताना लिटरच्या फ्लास्कमध्ये ते ८० च्या जवळ आणि अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ७० च्या जवळ असावे. याहून आठ-दहा अंशांनी कमी भरले, तर फ्लास्क परत करावा.